कात्रीवाला डॉक्टर

आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टर नसत्या, तर हे लिहायला माझा उजवा हात राहिला नसता. हे आधी सांगतो, बाकीचं मग.

मी यवतमाळकडचा. सातवीनंतर शाळा सोडली आणि कोल्हारजवळ एका गोठ्यावर कामाला आलो. चारा, शेण, धारा. काम जमलं, पण मालक काढून टाकतील का, तिकडं आई बरी असेल का, हेच डोक्यात. झोप उडाली.

गावात एक मेडिकलवाला. लोक त्याला डॉक्टर म्हणायचे आणि तो म्हणू द्यायचा. खिशाला दोन पेनं, लिहिताना मात्र कधी दिसला नाही. गोळ्यांचं पाकीट तो कात्रीनं कापून द्यायचा. नावाचा तुकडा नेहमी त्याच्याच ड्रॉवरात. शिंपी तरी माप घेऊन कापतो.

"कायची आहे ही गोळी?" मी एकदा विचारलं.

"झोपंची. नाव सांगून तुला काय कळनार? सातवी नापास तू."

पास होतो मी. गोळ्या खिशात टाकून निघालो.

दोन महिन्यांनी एका गोळीनं भागेना. "दोन घे," म्हणाला. सर्दी झाली तर वर लाल औषध दिलं. "लई आराम पडंल."

पडला ना. सकाळी चारा बारीक करायच्या कुट्टी मशीनमध्ये घास ढकलता ढकलता माझे डोळे मिटले. सिस्टर मालकीणबाईंचं बीपी बघायला आल्या होत्या. त्यांनी मला कॉलर धरून मागं खेचलं. शर्टाची बाही तेवढी मशीननं नेली.

"काय खाल्लंस रे?"

मी खिशातला गोळ्यांचा तुकडा दाखवला. त्यावर नावाचं एक अक्षर नव्हतं. त्यांनी मला स्कुटीवर बसवलं आणि थेट मेडिकल गाठलं.

"याचं उरलेलं पाकीट काढा."

"संपलं ओ बाई ते."

"मग बसतो आम्ही." त्या बाकावर बसल्या. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायच्या, "थांबा वाईच, डॉक्टर पाकीट शोधत्यात." तिसरं गिऱ्हाईक आलं, तसं त्याला पाकीट सापडलं. चिठ्ठीशिवाय विकू नये, असं त्यावरच छापलेलं. सिस्टर म्हणाल्या, लाल औषधही गुंगीचंच, दोन्ही मिळून श्वास मंदावला असता.

मी उरलेल्या गोळ्या गटारात टाकायला निघालो.

"येडा हायेस का? एकदम तोडलीस तर फिट येईल."

त्या मला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेल्या. तिथल्या डॉक्टरांनी लाल औषध बंद केलं आणि गोळी आठवड्या-आठवड्यानं थोडी थोडी उतरवली. गोळी वाईट नसते म्हणाले, तपासून, थोड्या दिवसांसाठी दिली तर. तोवर मशीनला हात लावायचा नाही. मला वाटलं, आता नोकरी गेली. पण सिस्टरनी मालकांना सांगितलं, "पोराला धारा काढायला ठेवा. काढलंत तर बीपी बघायला दुसरी बाई शोधा."

नोकरी राहिली. आता गोळीशिवाय झोपतो. काळजी गेलेली नाही, पण तिच्यासकट झोप येते.

मेडिकलवाला आहे तिथंच आहे. ज्यांनी त्या दिवशी बाकाजवळ उभं राहून सगळं ऐकलं, तेही त्याला अजून डॉक्टरच म्हणतात. शिकलेली माणसं आहेत ही.

सिस्टरांचे गुडघे आता कुरकुरतात आणि मुलगा परदेशात असतो. त्या कधी अंथरुणाला खिळल्या, तर त्यांना उठवायला-बसवायला मी जाईन. गोठ्यावर सुट्टी मिळो, न मिळो.