रीनाचं ठिगळ आणि भैय्याजींचा टिळा

सिहोऱ्याच्या एका राइस मिलमध्ये पोती शिवायला बसणाऱ्या रीनापुढे चिकटपट्टीचा विषय काढू नये. ऐकता ऐकता जेवण थंड होतं. नागपूरजवळच्या, पत्रे जोडायच्या पट्टीच्या कारखान्यात सहा वर्षं काढून आलेली बाई. ती सांगते, या पट्टीत दोन जातींच्या पॉलिमरचा संकर असतो. एक लावताक्षणी धरून ठेवतो, दुसरा तापवल्यावर कडक होतो, आणि तरी हादऱ्यांनी तडकत नाही.

मिलमधली धान चाळायची चाळणी दिवसभर थरथरते. तिच्या पातळ पत्र्याला दर हंगामात तडा जाई आणि वेल्डर तुलाराम तो सांधताना शेजारी नवा तडा तयार करी. रीना म्हणाली, मी पट्टीने पत्र्याचं ठिगळ लावते. मालक भैय्याजी म्हणाले, "लाव. टिकलं तर दुरुस्तीचं काम तुझं. नाही तर मुकाट्यानं पोती शिव."

ठिगळ तासाभरात खाली पडलं. तुलारामने ते उचलून टोपीसारखं डोक्यावर ठेवलं. "रीनाबाई, स्टिकर पोरायच्या वहीले लावा. मशीनले वेल्डिंगच लागते!"

रीनाने ठिगळ त्याच्या डोक्यावरून ओढून उलटं केलं. आतून लालपिवळा, तेलकट डाग.

"हे कोणी केलं?"

"मी," भैय्याजी निरागसपणे म्हणाले. "तेलात हळदकुंकू कालवून पत्र्याले टिळा लावला. बिना पूजेचं आपण काही बसवत नाही."

आपल्याकडे ट्रॅक्टरपासून मिक्सरपर्यंत सगळ्यांना टिळा लागतो. पट्टी बिचारी पत्र्याऐवजी त्या टिळ्याला चिकटली होती.

"टिळा नंतर," रीना म्हणाली.

"आधी काहून नाही?"

"तेलावर चिकटत नाही म्हणून. देवाले अर्धा तास थांबवा. नाराज झाला तर माह्यं नाव सांगा."

तिने पत्रा घासून पुसला, नवी पट्टी लावून ठिगळ बसवलं. भुशाच्या भट्टीवर तापवलेल्या लोखंडी पाट्या दोन्हीकडून शिकंज्याने आवळल्या, थर्मामीटरचा काटा दीडशे अंशांच्या खाली येऊ दिला नाही आणि चाळणीपुढे हात पसरून उभी राहिली. भैय्याजी पूजेचं ताट घेऊन तीनदा आले, तीनदा परतले. स्वतःच्याच मिलमध्ये मालक पाहुण्यासारखे घुटमळत होते.

गार झाल्यावर तिने तुलारामच्या हातात छिन्नी-हातोडा दिला. "उपटा."

तुलाराम घामाघूम झाला. ठिगळाचा कोपरा वाकला, सांधा सुटला नाही.

भैय्याजी खाकरले. "बरं. उद्यापासून दुरुस्ती तुह्याकडे."

"उद्या कायले?" बाह्या वर सारत रीना म्हणाली. "शेजारची दुसरी चाळणी आत्ताच फाटून राहिली. मशीन बंद करा."

आणि भैय्याजींनी स्वतः जाऊन मशीनचा खटका बंद केला.