निरोगी रक्ताची नळी

सरोवर गोठायला लागलं की आमच्या गावातली माणसं कमी बोलतात. थोर्डिस ब्यार्नासन त्याच गावची, मासेमाराची लेक. बर्फाला भोक पाडून जाळं खाली सोडायचं आणि वर काय येतं याची मुकाट वाट पाहायची, हे तिनं बापाकडून घेतलं. पुढे विनिपेग शहरातल्या प्रयोगशाळेतही तिनं हेच केलं, असं मला वाटतं. बीजांडकोशाचा कर्करोग पोटात गुपचूप वाढतो. बाई पोट फुगलं म्हणून सोडा पीत राहते, आणि कळतं तेव्हा हातात फारसं काही उरलेलं नसतं. तो रक्तातच आधी पकडायचा, एवढ्यासाठी थोर्डिसनं एकोणीस वर्षं घातली. मी तिथे काचसामान धुवायची आणि शीतपेट्या सांभाळायची.

तपासणीची रीत साधी होती. आजारी बायकांच्या रक्ताशेजारी दर वेळी एक निरोगी रक्त ठेवायचं. रसायन घातलं की आजारी रक्त चमकलं पाहिजे, निरोगी काळोखात राहिलं पाहिजे. ते निरोगी रक्त थोर्डिसचं स्वतःचं. महिन्याच्या पहिल्या सोमवारी नर्स ते काढायची, मी तारीख घालून शीतपेटीत ठेवायची.

"दुसऱ्या कुणाचं घे की," मी एकदा म्हटलं.

"कशाला गं, स्वावा? आमच्या घरातल्या बायका नव्वदीनंतर जातात, त्याही बर्फावर पाय घसरून. याहून निरोगी रक्त तू कुठून आणणार?"

चाचणी रुग्णालयात नेण्याची परवानगी अगदी हातातोंडाशी आली होती. आणि मार्चमध्ये निरोगी नळी चमकली. फार नाही, पहाटे खिडकीच्या कडेला उजेड दिसावा तेवढी.

आकडे बघणारा वॉरेन ओकीमाव खुर्चीत मागे रेलला. "ही चाचणी धडधाकट बाईला आजारी म्हणायला लागली. उद्या उगाच लोकांची पोटं फाडायला लावेल."

"तेच तर," थोर्डिस म्हणाली. "अशी चाचणी मी कुणाच्या हातात देणार नाही. कुठेतरी चुकलंय. शोधते."

तिनं परवानगीचा अर्ज मागे घेतला. एप्रिलमध्ये रसायनं बदलली, मेमध्ये नळ्या. जूनमध्ये यंत्र सुटं करून तिनं स्वतःच्या हातानं पुसलं. नळी दर महिन्याला थोडी जास्तच चमकत होती. ऑगस्टमध्ये गावच्या उत्सवाला आम्ही दोघी गेलो, तेव्हा तिनं विनार्तेर्ता या सात थरांच्या केकचा एक तुकडा घेतला आणि काट्यानं नुसता उकरत बसली.

"खात का नाहीस?"

"दोन घासांत पोट भरतं हल्ली. वय झालं, बाई."

तिच्या स्कर्टचं बटण लागत नव्हतं, तिथे सेफ्टी पिन होती. गाल मात्र बसले होते. त्या दिवसापासून तिच्या नळ्या ठेवलेला कप्पा उघडताना माझा हात थांबायला लागला.

ऑक्टोबरात मी तिच्या तीन वर्षांच्या नळ्या काढल्या, नावं झाकली, वर तारखांच्या क्रमानं नुसते आकडे टाकले आणि वॉरेनला म्हटलं, "एवढं तपासून दे. काही विचारू नकोस."

तिसऱ्या दिवशी तो माझ्याकडे धुण्याच्या खोलीत आला. दार लावून घेतलं.

"आधीच्या सगळ्या नळ्यांत काळोख. मग शेवटच्या सात-आठांत पायऱ्यांसारखं चढत गेलंय. यंत्र बिघडलं तर असं चढत नाही, स्वावा. कोण आहे ही? तिला कुणी सांगितलं का?"

मी सांगितलं कोण ते. तो उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसला.

निकालाचा कागद मीच तिच्याकडे नेला. थोर्डिस त्यावरची एकेक पायरी बोटानं चढली.

"म्हणजे चाचणी बरोबर होती," ती म्हणाली. मग हळूच म्हणाली, "आणि मी उन्हाळाभर यंत्र पुसत बसले."

शस्त्रक्रिया दोन तासांची ठरली होती, सहा तास चालली. बाहेर आल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मार्चमध्ये आल्या असत्या तर—" आणि पुढे हातमोजे काढत राहिल्या.

आठवड्यानं थोर्डिसनं वॉरेनला खाटेजवळ बोलावलं. "शोधनिबंधात हे सात महिनेही घाल. मी काय काय बदललं, कधी बदललं, सगळं."

"लोक हसतील तुला."

"हसू देत. पुढच्या वेळी कुठे निरोगी नळी चमकली तर यंत्राला हात लावायच्या आधी त्या बाईला फोन करतील."

वॉरेननं वही उघडली. लिहिलेलं त्याला वाचून दाखवायला लावलं तिनं, डोळे मिटून.

"तीन मार्च, निरोगी नळी पहिल्यांदा—"

"दोन मार्च," ती म्हणाली. "सोमवार दोनला होता. खोड ते."