तारताई आणि दोनदा परत आलेली प्लेट

दातांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत तारताई बसायच्या. मुलांचे वेडेवाकडे दात ओळीत आणणाऱ्या प्लेटा त्या बनवायच्या: टाळूला बसणारा गुलाबी तुकडा, दाढांना धरणाऱ्या दोन कड्या आणि पुढून जाणारी तार. ताईंचे वडील चष्मे दुरुस्त करायचे. त्यांच्या शेजारी बसून सातव्या वर्षी हातात पक्कड घेतली, ती घेतलीच. या खोलीत एकवीस वर्षं झाली होती. खरं नाव विचारलं असतं, तर दवाखान्यातल्या निम्म्या लोकांना सांगता आलं नसतं.

मुलं त्यांना क्वचितच दिसत. दिसायचे ते त्यांच्या दातांच्या ठशांवरून ओतलेले प्लास्टरचे जबडे. त्यावरून ताई बिनधास्त सांगायच्या, "हा अजून अंगठा चोखतो," "ही पेन्सिली चावते." पुढे चौकशी केली की बहुतेक तसंच निघायचं.

एके सकाळी डॉक्टरीणबाई हातात प्लेट घेऊन आत आल्या. "ताई, बाहेर बसलेल्या मुलीची ही प्लेट पुन्हा सैल झाली. मागच्या आठवड्यात तुम्ही कड्या आवळून दिल्या होत्या ना?"

ताईंनी त्या मुलीचा प्लास्टरचा जबडा फळीवरून काढला आणि प्लेट त्यावर दाबली. टिच्चून बसली. जबडा उलटा धरून हलवला, तरी पडेना.

"इथे बसते हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण तिच्या तोंडात नाचतेय."

"मग हे तोंड तिचं नाही."

"अहो, ठसा मी घेतलाय. माझ्या हाताने!"

"तुमच्या हाताला कोण नावं ठेवतंय? मी तोंडाबद्दल बोलतेय."

जबडा घेऊन ताई तडक बाहेर आल्या. खुर्चीत दहा वर्षांची एक मुलगी आक्रसून बसली होती, शेजारी तिची आई. ताईंनी मुलीला आ करायला लावलं, एकदा तोंडात पाहिलं, एकदा प्लास्टरकडे.

"या जबड्यात समोरच्या दाताचा कोपरा उडालाय, मोहरीएवढा. तुझा तर अख्खा आहे."

"कोपरा हिच्या बहिणीचा उडालाय," आई म्हणाली. "जिन्यावरून पडली होती. जुळ्या आहेत दोघी..." आणि बोलता बोलता थांबली. मुलीचे कान लाल झाले होते.

"ठशाच्या दिवशी कोण आलं होतं बरोबर?" ताईंनी विचारलं.

"बाबा," मुलगी पुटपुटली. "मला तो ठशाचा लगदा तोंडात घातला की उलटी होते. पहिल्या वेळी झालीच होती. म्हणून बहीणच म्हणाली, तुझ्या जागी मी बसते. आम्ही नुसत्या केसांच्या क्लिपा बदलल्या."

"आणि बाबांना कळलं नाही?"

"त्यांना एरवी तरी कुठे कळतं?"

आईने कपाळावर हात मारला, पण हसू काही तिला आवरलं नाही. डॉक्टरीणबाई मात्र ओशाळल्या. "मलाही कळलं नाही की!"

ताई मुलीला मागच्या खोलीत घेऊन गेल्या. वाडग्यात पावडर आणि पाणी दिलं नि म्हणाल्या, "तूच कालव." मग तिचंच बोट त्यात बुडवायला लावलं. जरा वेळाने लगद्याची रबरासारखी टोपी बोटावरून सुटून आली.

"बस, एवढंच?"

"एवढंच. तोंडात असताना मान पुढे झुकव, नाकाने श्वास घे आणि एक पाय वर उचलून धर. पायाकडे लक्ष राहिलं की घसा गप्प बसतो."

बाहेर येऊन त्यांनी डॉक्टरीणबाईंनाही सांगितलं, "मागच्या बाजूला लगदा कमी घाला."

पुन्हा ठसा घेताना मुलीने पाय असा ताठ धरला की खुर्ची करकरली. डोळ्यांतून पाणी आलं, पण उलटी नाही. ठसा स्वच्छ निघाला. तीन दिवसांनी नवी प्लेट टक् करून बसली.

"चिमटतेय," मुलगी म्हणाली.

"चिमटायलाच हवी. उगाच बसून राहणारी तार काय कामाची?"

त्या संध्याकाळी डॉक्टरीणबाई मागच्या खोलीत आल्या. "ताई, यापुढे नवीन मूल आलं की ठशाआधी तुम्ही भेटाल का?"

"भेटेन. पण इथल्या अंधारात नाही. पुढे खिडकीशी टेबल हवं मला."

सोमवारी खिडकीखालची मासिकांची मांडणी हलली आणि तिथे ताईंचं टेबल आलं. दुपारपर्यंत त्यांनी तीन मुलांना लगदा कालवायला बसवलं होतं.