अश्मयुगातल्या तिखटमिठाच्या पुऱ्या

सिडनीत, पेंडल हिलला मैत्रिणीच्या बाळाचं बारसं होतं आणि लाडू माझ्याकडे लागले होते. आम्ही तेव्हा मेलबर्नमध्ये, क्लेटनला राहायचो. नवरा युनिमध्ये रसायनशास्त्र शिकवायचा, मी एका लॅबमध्ये रक्त तपासायचे. मेलबर्नहून सिडनीला चांगला सरळ हायवे जातो. पण ठाण्याहून नवऱ्याचे मामा आले होते आणि मामांना डोंगर दाखवायचेच, असं नवऱ्याने ठरवलं. मामांनी तशी काही इच्छा बोलून दाखवली नव्हती. ते एक्साइजमधून रिटायर झालेले, आणि त्यांची इच्छा बहुतेक वेळा वेळेवर जेवण एवढीच असायची.

म्हणून आम्ही डोंगरातल्या कच्च्या रस्त्याला लागलो. मागे बेसनाच्या लाडवांचा डबा, वाटेत खायला तिखटमिठाच्या पुऱ्या, लिंबाचं लोणचं, आणि सात वर्षांची मुलगी. सकाळपासून पाऊस होता; पुढच्या डोंगरात तो दोन दिवसांपासून पडतोय, हे नंतर कळलं. एक क्रीक, म्हणजे ओढा, आम्ही सहज ओलांडली, चाकंसुद्धा नीट भिजली नाहीत. पुढची मात्र झाडांचे ओंडके घेऊन धावत होती. नवऱ्याने गाडी वळवली, मागे आलो, तर मघाची क्रीकही आता तशीच. मध्ये आम्ही. त्यातच गाडी रस्त्याकडेच्या चिखलात बसली आणि आतल्या पायपुसण्यांवर पाणी आलं.

“अहो, तिकडे धूर दिसतोय,” मी म्हटलं. एरवी मी नवऱ्याला अरे-तुरे करायचे. मामा आल्यापासून अहो चाललं होतं.

धुराच्या दिशेने गेलो तर झाडांच्या सालींची एक मोठी झोपडी, आणि तिच्या तोंडाशी सात-आठ माणसं. अंगावर मेंढ्यांची कातडी, तोंडाला राख, केसांत काटक्या. थंडीने निळी पडलेली. आमच्याकडे बघून त्यातला एक म्हणाला, “उग.”

मामा माझ्या छत्रीखाली सरकले. “गोरे लोक या अवस्थेला कधी आले?”

“Why are they in their undies?” मुलीने विचारलं.

नवरा मात्र पांढऱ्या दाढीच्या म्होरक्याकडे टक लावून बघत होता. “प्रोफेसर?” तो म्हणाला. म्होरक्याने मान खाली घातली. युनिच्या पार्किंग कमिटीवर दोघं शेजारी बसायचे. म्होरक्याच्या बाजूला, हातात टोकदार काठी घेऊन, लायब्ररीतल्या बाई उभ्या होत्या; जोरात बोललं की ‘श्श’ करणाऱ्या.

उलगडा व्हायला वेळ लागला, कारण इंग्रजी बोलायचं नाही असा त्यांचा नियम होता. प्रोफेसरांनी तो आमच्यासाठी मोडला. अश्मयुगातला माणूस कसा जगत असेल, हे स्वतः जगून बघायचा त्यांचा प्रयोग होता. काडेपेटी नाही, मीठ नाही, धातू नाही. या देशात मूळची माणसं हजारो वर्षं उत्तम जगत आली होती, पण यांनी नमुना घेतला होता युरोपातल्या गुहेतल्यांचा. शिकार? फाशात अजून काही सापडलं नव्हतं. गेले दोन दिवस कसलीशी मुळं खात होते आणि ती पोटात ठरत नव्हती.

तरीही त्यांनी आम्हाला आत घेतलं. शेकोटीजवळची कोरडी जागा मुलीला दिली. लायब्ररीवाल्या बाईंनी अंगावरचं कातडं काढून तिच्याभोवती गुंडाळलं आणि स्वतः दाराशी, वाऱ्यात जाऊन बसल्या. मामा हे सगळं बघत होते. पण एक वाजला होता.

“सूनबाई,” ते हळूच म्हणाले, “आपण गाडीत जाऊन जेवू.”

“आणि हे लोक?”

“पाणी कधी उतरेल, सांगता येतं का? पोर आहे बरोबर. आधी आपलं बघायला नको?”

मी नवऱ्याकडे पाहिलं. मला वाटलं, हा तरी माझ्या बाजूने बोलेल. तर तो म्हणाला, “मामांचं बरोबर आहे. शिवाय आपण यांना खायला दिलं तर सगळा डेटा खराब होईल.”

आम्ही गाडीत गेलो. पाय सीटवर घेऊन, काचा वर करून डबा उघडला. ओवा आणि तिखटाचा वास गाडीभर झाला. मामांनी पुरीवर लोणच्याची फोड ठेवली, घास उचलला आणि तसाच हातात धरला. बाहेर कोणीतरी होतं.

लायब्ररीवाल्या बाई आमच्या पुढच्या चाकाजवळ काठीने मुळं उकरत होत्या. मागच्या बाजूला दोन तरुण झाडपाल्याचं निरीक्षण करत होते. म्होरके बॉनेटसमोर उभे राहून ढगांचा अंदाज घेत होते. गाडीकडे कोणीच बघत नव्हतं. एवढ्या मोठ्या जंगलात मुळं नेमकी आमच्या गाडीभोवतीच उगवली होती.

“They’re sniffing, Aai,” मुलगी म्हणाली.

मुलीच्या अंगावर त्या बाईंचं कातडं, आणि बाई पावसात. मी काच खाली केली आणि पुरी बाहेर धरली. बाईंनी ती बघितली, मग म्होरक्यांकडे बघितलं. त्यांचे डोळे भरून आले होते. पावसाचं पाणीही असेल.

म्होरक्यांनी जागच्या जागी सभा बोलावली. आधी उग-उग झालं. पण मुद्दा नाजूक होता, तो उगमध्ये मावेना. शेवटी सरळ इंग्रजीत ठराव मांडला गेला, त्याला अनुमोदन मिळालं, एकाने दुरुस्ती सुचवली. भर पावसात, मेंढीच्या कातड्यात. ठरलं ते असं: आम्ही म्हणजे स्थलांतर करणारी शेजारची टोळी. दोन टोळ्यांनी अन्न वाटून खाल्लं तर ते अश्मयुगाला धरूनच आहे. नवऱ्यालाही ते शास्त्रीय वाटलं.

आम्ही टोळी ठरल्याबरोबर मामा तिचे म्होरके झाले. कोणी त्यांना विचारलं नव्हतं. झोपडीत मांडी घालून, डबा पुढ्यात घेऊन ते वाटप करायला बसले. “रांगेत,” ते मराठीत म्हणाले आणि ती माणसं रांगेत बसली. लोणच्याची फोड जिभेवर ठेवल्यावर एका तरुणाने जो आवाज काढला, तो त्या दिवसातला पहिला खरा अश्मयुगीन आवाज असावा.

दुसऱ्या दिवशी पाऊस थांबला, पण पाणी उतरलं नाही, आणि पुऱ्या संपल्या. राहिले लाडू. आता माझी पाळी होती. लाडू बारशाचे, मी म्हटलं. आणि आणखी एक दिवस अडकलो तर मुलीला काय देऊ? डबा मी मांडीखाली घेतला. काल पुरी देणारी बाई मीच होते, हे मला आठवत होतं आणि त्याचा रागही येत होता.

मामा म्हणाले, “त्या म्हाताऱ्याचे हात बघ.” प्रोफेसरांचे हात थरथरत होते. ते मामांच्याच वयाचे. आदल्या संध्याकाळी दोघांनी एकमेकांना आपापले गुडघे दाखवले होते. एकाची भाषा दुसऱ्याला कळत नव्हती तरी दुखणं नीट कळलं होतं.

“मुलीपुरते चार काढून ठेव,” मामा म्हणाले. “बाकीचे आण इकडे. बाळाला काय दात आहेत?”

मी डबा पुढे केला. मामांनी स्वतः त्यातला एकही घेतला नाही. डॉक्टरांनी गोड बंद केलंय म्हणाले. आदल्याच आठवड्यात त्यांनी माझ्याकडून शिरा दोनदा मागून घेतला होता.

अर्वोला, म्हणजे दुपारनंतर, पाणी ओसरलं आणि पलीकडून एक शेतकरी ट्रॅक्टर घेऊन आला. त्याने आमची गाडी दोराने ओढून काढली. प्रोफेसरांनी मामांना मिठी मारली. मामा मिठीतही ताठच होते, पण त्यांनी प्रोफेसरांच्या पाठीवर दोनदा थोपटलं. टोळी मागे राहणार होती. प्रयोगाचे काही दिवस बाकी होते.

क्रीकपलीकडे आल्यावर मी त्या शेतकऱ्याला म्हटलं, “त्यांच्याकडे जरा लक्ष ठेवा हो. उपाशी आहेत बिचारे.”

“नो वरीज,” तो म्हणाला. “पाणी उतरलं, आता येतील सॉसेज खायला.”

“कोण येतील?”

“सगळेच. पण एकेकटे. प्रत्येक जण माझ्या बायकोला शपथ घालतो, बाकीच्यांना सांगू नका म्हणून. तो दाढीवाला टोमॅटो सॉसही मागतो. पूर आला आणि त्यांची पंचाईत झाली, मेट.”

नवरा स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसायला लागला. मला हसावं की रिकामा डबा बघून रडावं कळेना. मामांना मी मराठीत सगळं समजावलं.

“म्हणजे हे पुराचे दिवस मात्र खरंच उपाशी होते,” ते म्हणाले.

“हो, मामा.”

“मग झालं तर.” त्यांनी काच खाली केली. “पुढचं गाव किती लांब आहे? शाकाहारी काही मिळेल का?”

पहिल्या गावात कागदात गुंडाळलेल्या चिप्स मिळाल्या. मुलीने आपल्या वाटणीच्या चारांतला एक लाडू मामांच्या हातावर ठेवला आणि त्यांनी डॉक्टरांचा विषय न काढता तो खाल्ला. पेंडल हिलला पोचलो तेव्हा बारसं होऊन गेलं होतं. मैत्रिणीने आम्हाला दारातच थांबवून नाक मुरडलं आणि आधी आंघोळीला पाठवलं. धुराचा आणि मेंढीचा वास माझ्या केसांतून बरेच दिवस गेला नाही.