प्रेशरच्या आधीची फेरी

सौंसर तालुक्यातल्या संत्र्याच्या बागांमध्ये भूपेंद्रला ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही, आणि त्याचं आडनाव सांगू शकेल असाही. सगळ्यांसाठी तो 'हायड्रोवाला भूपेंद्रभाऊ'. घर जाम नदीच्या पलीकडे सावरगावला, मालक रोशन पांढुर्ण्याचा, आणि दिवस सगळा ट्रकवर. आटलेल्या बोअरमध्ये पाइप उतरवायचे, टोकाचा जाड रबराचा पॅकर फुगवून बोअर आतून बंद करायची, आणि त्याच्या खाली असं जोरात पाणी मारायचं की खडकातल्या बुजलेल्या भेगा उघडल्या पाहिजेत. नवी बोअर पाडण्यापेक्षा हे स्वस्त पडतं, म्हणून उन्हाळ्यात गाडीला उसंत नसे.

भूपेंद्रची एक रीत होती. मशीन सुरू करण्याआधी तो आजूबाजूच्या सगळ्या विहिरींवर चालत जायचा. काठावरून वाकून बघायचा, हाक मारायचा, कोणी गाळ काढत असेल तर त्याला वर यायला लावायचा. "आज प्रेशर हाये बाप्पा. मी परत येऊन सांगत नाही तोवर उतरू नका," असं बजावायचा. दाबाखालचं पाणी कोणत्या भेगेतून कुठे निघेल हे कोणालाच सांगता येत नाही, आणि जुन्या विहिरींची दगडी बांधणी पाण्याच्या एका धक्क्याने खाली येऊ शकते. वर्षानुवर्षं ही फेरी चालली. लोक तिला इतके सरावले की गाडी दिसली तर एकमेकांना विचारत, "भूपेंद्रभाऊ येऊन गेला का?" तो आला नसेल, तर आज प्रेशर नाही असं समजून खुशाल विहिरीत उतरत. ही शेवटची गोष्ट भूपेंद्रच्या कधी ध्यानातच आली नाही. तो सांगायला जायचा, पण त्याचं न जाणंही लोकांना काहीतरी सांगत होतं.

यंदा नागपूरकडची असलीच एक गाडी तालुक्यात फिरू लागली आणि रोशनची झोप उडाली. "ते लोक दिवसाले तीन बोअर करून राहिले, आपली एक होत नाही. डिझेल जळून राहिलं, माणसं बसून राहिली. तू कुठी फिरत रायतो?"

"विहिरी पाहून येतो, भाऊ."

"विहिरी पाहाले मी गाडी घेतली का? अन् पाइप कायले एवढे खोल टाकतो? वरच्यावर पॅकर बसव अन् मार प्रेशर."

माणूस पगारावर असला की असले प्रश्न त्याला उत्तरासाठी नसतात. भूपेंद्रने पाइप कमी केले; आता दाब खोल खडकाऐवजी विहिरींच्याच पातळीवर बसू लागला. फेरीही एकदा गाळली, कारण त्या दिवशी ऊन फार होतं. काही झालं नाही. पुढच्या वेळी ऊन नव्हतं, तरी गाळली. काही झालं नाही. रोशन खूश झाला, गाडी दिवसात दोन-दोन कामं उरकू लागली, आणि चालून चालून दुखणारे भूपेंद्रचे गुडघेही जरा बरे वाटू लागले. वाईट सवय लागताना तब्येतीला मानवते, तशातली गत.

रामाकोना गावात मात्र एक गोष्ट झाली. काम आटोपून तो पाणी प्यायला शेजारच्या मळ्यात गेला, तर तिथल्या विहिरीचं पाणी गढूळ लाल झालेलं. काठाचे दोन दगड निखळून आत पडले होते. विहिरीवर कोणी नव्हतं. भूपेंद्र बराच वेळ त्या पाण्याकडे बघत राहिला. बोअर आणि या विहिरीमध्ये केवढं तरी अंतर होतं. त्याने इकडेतिकडे पाहिलं, पाणी न पिताच परत आला, आणि गाडीवरच्या माणसांनाही काही बोलला नाही. उद्यापासून फेरी मारायची, असं मात्र त्याने मनाशी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी मोहगावजवळ यशवंतरावांच्या बागेत काम होतं. यशवंतराव बोअरपाशी खुर्ची टाकूनच बसलेले. झाडांवर लिंबाएवढी फळं, पाण्यावाचून पटापटा गळत होती. रोशनचा फोन सकाळपासून दोनदा येऊन गेला होता, दुपारून सौंसरला दुसरी बोअर होती. भूपेंद्रने कुंपणापलीकडे बघितलं. झाडांच्या वर एका इंजिनाचा धूर दिसत होता, कोणीतरी विहीर उपसत असावं. जावं का? तो दोन पावलं चाललाही.

"आता कुठी चालले?" यशवंतराव म्हणाले. "फळ गळून राहिलं नं भाऊ. करा सुरू."

तो मागे फिरला.

मशीन धडधडू लागलं. दाबाचा काटा चढत गेला, थरथरला, आणखी चढला. मग एकदम खाली आला. "फुटला खडक!" म्हणत यशवंतरावांनी टाळी वाजवली. काटा पडला म्हणजे भेग उघडली, हे खरंच. पण भेग उघडल्यावर काटा अडखळत उतरतो, हा थेट तळाला गेला होता. पाण्याला कुठेतरी मोकळी जागा मिळाली होती. भूपेंद्रने मशीन बंद केलं, तेवढ्यात कुंपणाच्या पलीकडून मोठा धप्प आवाज आला आणि माणसं ओरडायला लागली.

विहीर शेजारच्या मळ्यातल्या वैभवची होती. तो खाली गाळ भरत होता, वर दोघं दोर धरून उभे होते. एका बाजूची सगळी बांधणी आत गेली होती. भूपेंद्रनेही दगड उपसले, नखं फुटेपर्यंत उपसले. दिवस मावळता मावळता वैभवला वर काढलं तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

पोलीस आले. हायड्रोची गाडी चालू होती का, असं त्यांनी विचारलं. दोर धरणारे म्हणाले, आमच्याच इंजिनापुढे काही ऐकू येत नव्हतं. यशवंतरावांच्या बोअरला पाणी लागलं होतं. ते भूपेंद्रकडे न बघता म्हणाले, "गाडी उभी होती. मशीन अजून लावाचीच होती." भूपेंद्र शेजारी हात बांधून उभा राहिला. विहीर जुनी होती, उन्हाळ्यात असं होतं, असं ठरलं. रोशनने फोनवर एवढंच सांगितलं, "तू काही बोलू नको. चार दिवस जाऊ दे."

चार दिवस गेले, तेरवी झाली. भूपेंद्रला जेवण जाईना. बायको प्रणालीने विचारलं तर तिच्यावर खेकसायचा. कामावर पुन्हा फेरी सुरू केली होती, पण विहिरीच्या काठावर वाकलं की त्याला घेरी यायची. शेवटी एका सकाळी तो ट्रक न घेता, एकटा मोहगावला वैभवच्या घरी गेला.

वैभवच्या बायकोने, मालतीने, त्याला ओळखलं. खाट टाकून दिली, चहा ठेवला. लहानगी पोर दारात खेळत होती.

"बरं केलं भाऊ, आले तुम्ही," ती म्हणाली. "त्या दिवशी मले गाडी दिसली होती यशवंतरावच्या बागेत. मी म्हनलं, आज उतरू नका, प्रेशर असन. तं हसले मले. म्हने, भूपेंद्रभाऊ आला का सांगाले? नाही नं? मंग आज काही नाही. तो सांगितल्याबिगर राहाचा नाही. अन् गेले."

भूपेंद्रने कप खाली ठेवला. हिला अजून काही माहीत नव्हतं. उठून निघून गेला असता तर कधी कळलंही नसतं.

"वहिनी, मशीन चालू होतं," तो म्हणाला. "प्रेशर मीच मारलं. सांगाले आलो नाही."

चूल धुमसत होती, ती फुंकायला मालती वळली नाही. भूपेंद्रला वाटलं आता ओरडेल, मारेल, माणसं गोळा करेल. त्याला तेच हवं होतं.

"काहून नाही आले?" तिने हळूच विचारलं.

"वेळ वाचवाले."

"किती लागला असता?"

"अर्धा घंटा," भूपेंद्र म्हणाला.