हळदीपल्याडची दफनभूमी

माझा थोरला भाऊ पोपचा राजदूत होता. डोंगरकड्याजवळच्या आमच्या खेड्यात ख्रिस्ती घरं मोजकीच. त्यातलं हे पोरगं शिकत शिकत फादर झालं, रोमला गेलं, आर्चबिशप झालं आणि मग आज या देशात, उद्या त्या देशात. बदली झाली की तिथल्या राष्ट्राध्यक्षाशी हात मिळवतानाचा फोटो घरी यायचा. आई तो भिंतीला लावायची आणि विचारायची, "हा कोण गं?" मी म्हणायची, "असंल कुणीतरी, दादासारखाच कामाचा ना धामाचा."

दादाचं काम म्हणे भांडणं मिटवायचं. दोन देश भांडले की हा मधे बसून चहा पिणार. इकडे आमच्या दफनभूमीला जायला वाट नव्हती. मधे एकाचं हळदीचं शेत. पावसाळ्याच्या तोंडाला हळद लावली की संक्रांत उलटून ती निघेपर्यंत मालक मयत जाऊ देत नसे. मग ओढ्यातून वळसा. एका भादव्यात एक मयताची पेटी खांद्यावरून सुटून पाण्यात पडली होती. आईनं ते डोळ्यांनी पाहिलेलं. "मला ओढ्यातून नेऊ नका गं," एवढंच तिचं मागणं होतं.

एकदा दादा गाडी घेऊन आला, सोबत दोन फादर. लोकांनी अंगठीचा मुका घ्यावा म्हणून हात पालथा पुढे करायची त्याला सवय. आईपुढंही केला मेल्यानं. आईनं तो उताणा केला आणि त्यात भाजलेल्या शेंगा ठेवल्या. मग म्हणाली, "त्या मालकाला वाटेचं एक बोल. तुझ्या शाळेतला हाय, ऐकंल तुझं."

"आई, माझ्या पदावरच्या माणसाला स्थानिक गोष्टीत पडता येत नाही," दादा म्हणाला.

मालक बाहेर हार घेऊन उभाच होता. दादानं हार घालून घेतला, फोटो काढून घेतला, मुलंबाळं विचारली. वाटेचं नावसुद्धा काढलं नाही. मला त्याची शिसारी आली.

आई गेली ती भादव्यातच. हळद कंबरेला लागलेली. मालकानं मान हलवली, न्हाई म्हणाला. मी दादाला फोन लावला. म्हटलं, काही नको, येऊ पण नको, फक्त त्याला एक फोन कर. दादा घसा साफ करून म्हणाला, "अशा वेळी दोन्ही बाजूंनी संयम ठेवावा."

एक बाजू तर घरात चटईवर निपचित पडली होती. वर म्हणाला, खुद्द पोपसाहेबांचा शोकसंदेश येईल. काय चाटायचाय तो?

आईला ओढ्यातूनच नेलं. पाणी छातीला लागत होतं. मी पेटीला हात लावून चालत होते आणि सारखी म्हणत होते, "आई, धरलंय गं आमी, घट्ट धरलंय."

यंदा दादा निवृत्त झाला. परवा त्याचा फोन आला, आवाज पार थकलेला. म्हणाला, माझं झालं की मला आईशेजारी ठेवा. मग विचारलं, "तिथं जायला वाट झाली का गं?"

"न्हाई," मी म्हणाले. "दोन्ही बाजू अजून संयम ठेवून हायेत. तू आपला हळद निघाल्यावर मर."