हवा मारणारा डबा

गोंदियाजवळ गोरेगावला घर बांधलं तेव्हा मागची सांदवाडी, म्हणजे परसबाग, मी मुद्दाम मोठी ठेवली. भाजीपाल्यासाठी, असं बायकोला सांगितलं होतं. तहसील कचेरीतून निवृत्त झाल्यावर तिथे वांगी-मिरच्यांऐवजी आगगाडी आली. मुलीने परदेशातून येताना एक इंजिन आणि चार डबे आणले, बागेत चालवायचे, हातभर लांबीचे. लहानपणी छोट्या लाइनच्या गाडीने मी आजोळी जायचो, ती लाइन आता राहिली नाही. त्यामुळे असेल, पण हे खेळणं माझ्या डोक्यात बसलं ते बसलंच.

रूळ टाकायला मला जोडीदार मिळाला तो दोन गल्ल्या सोडून, बुद्धविहाराजवळ राहणारा. जन्मभर गोंदियाला रेल्वेच्या डब्यांची दुरुस्ती केलेला फिटर. आठवडी बाजारात सहज गाडीचा विषय निघाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो पाने-पक्कड घेऊन मागच्या फाटकाशी उभा. मग दोन वर्षं येतच राहिला. आम्ही एकाच वयाचे. तो मला 'तुम्ही' म्हणायचा, मी त्याला 'तू'. हे माझ्या कानाला तेव्हा कधी खटकलं नाही.

पेरू, सीताफळ आणि कोपऱ्यातली चिंच यांना वळसा घालून रूळ झाले. गाडी चालली. चिंचेला मात्र ते पसंत नसावं. तिची बारीक पानं दवाने भिजून रुळांना चिकटायची, चाकं फिरायची पण गाडी जागेवर. पेरूची वाळलेली पानं सांध्यात अडकली की इंजिन आडवं. सकाळी अर्धा तास खराट्याने झाडायचं, तर खराट्यासोबत रुळांखालची खडीही निघून यायची.

पाला उडवणारा डबा करावा हे माझ्या मनात आलं, हे खरं आहे. कॉम्प्युटरमधला जुना पंखा मी एका डब्यावर बसवला, तोंड खाली करून. पानं नुसती थरथरली. जोडीदार पेरूखाली बसून पाहत होता. हसला.

"भाऊ, खऱ्यावर धान उडवता तवा पंखा वरतं टांगता का?"

"नाही. खळ्यावर बाजूला ठेवतो."

"मंग इथं काऊन टांगून राहिले? हवा आडवी पायजे. पानाच्या खालून घुसली पायजे."

त्यानंतरचं सगळं त्याचं. मुलीचा जुना हेअर ड्रायर त्याने उघडला, तापणारी तार काढून टाकली, मोटर ड्रिलच्या बॅटरीवर चालवून पाहिली. प्लास्टिकचा पाइप गॅसवर मऊ करून दोन फळ्यांमध्ये दाबला, तेव्हा त्याचं तोंड चपटं झालं, माशाच्या तोंडासारखं. पहिल्यांदा हवा एकाच बाजूने सोडली, तर डबा हवेच्या धक्क्याने स्वतःच उलटला. मग त्याने दोन तोंडं केली, डावं आणि उजवं, आणि टायरवाल्याकडून शिशाचे तुकडे आणून डब्याच्या बुडाशी चिकटवले. डबा इंजिनाच्या मागे नाही, पुढे लावायचा, हेही त्याचंच. मोटर पानं आत ओढायला लागली तेव्हा मी स्वयंपाकघरातली चहाची गाळणी आणून दिली. ती मोटर हवा ओढते त्या बाजूला बसवली. त्या डब्यात माझ्या म्हणाव्या अशा दोनच गोष्टी होत्या: गाळणी आणि वरचा पिवळा रंग.

डबा पहिल्यांदा पूर्ण फेरी मारून आला, दोन्ही बाजूंना पाला उडवत, तेव्हा बायकोसुद्धा हात पुसत बाहेर आली. जोडीदाराने गुडघ्यावर बसून रुळावरून बोट फिरवलं आणि कोरडं बोट मला दाखवलं.

महिनाभरात गोंदियाहून एक पत्रकार आला, मोबाइलवर बातम्यांचे व्हिडिओ टाकणारा. कुणीतरी त्याला आमच्या गाडीबद्दल सांगितलं होतं. मी इस्त्रीचा सदरा घातला. गाडी फिरली, पाला उडाला, पत्रकार खूश झाला.

"अंकल, ये किसने बनाया?"

"मैंने," मी म्हणालो. एका शब्दाने काही होत नाही, असं वाटलं असेल. तेवढ्यावरही थांबता आलं असतं. पण त्याने कॅमेरा जोडीदाराकडे वळवला. तो सांध्यातला शेवटचा पाला हाताने काढत होता.

"और ये?"

"ये हमारे यहाँ काम पे आते हैं."

जोडीदाराने मान वर केली नाही. हातातला पाला चिंचेखाली टाकला, नळावर हात धुतले. बायकोने आणलेला चहा उभ्यानेच प्यायला आणि मागच्या फाटकातून गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी फोन केला तर म्हणाला, "घरी काम आहे, भाऊ."

व्हिडिओ नातेवाइकांत फिरला. जवाई, साडू, जुने साहेब, सगळ्यांचे फोन आले. बायको एवढंच म्हणाली, "तुम्ही असं कायले म्हटलं?" मी तिच्यावरच चिडलो.

तीन आठवड्यांनी मी त्याच्या घरी गेलो. दोन वर्षांत पहिल्यांदा. त्याने मला बैठकीत सोफ्यावर बसवलं, पंखा लावला, त्याच्या बायकोने चहा आणला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझ्या घराचा मागचा ओटा सोडून तो कधी आत आला नव्हता. मी त्याला कधी बोलावलंच नव्हतं. कुणी मनाई केली नव्हती, म्हणून मला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं.

"माझं चुकलं," मी म्हणालो. "डबा तुम्ही बनवला. मी त्या पत्रकाराला फोन करून सांगतो."

'तुम्ही' ऐकून तो किंचित थांबला.

"आता कोनाले सांगता? तवा मी तुमच्या बाजूलेच होतो ना."

मी चहाचा कप खाली ठेवला. तोच मग म्हणाला, "मोटरले पंधरा दिवसानं तेलाचा एक थेंब टाकत जा. जास्त नोको." आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

पत्रकाराला मी फोन केला. "अंकल, वो तो पुराना हो गया," तो म्हणाला. व्हिडिओखाली मी स्वतः खरं काय ते लिहिलं. कुणी वाचलं की नाही, माहीत नाही. माझ्या नातेवाइकांपैकी एकानेही त्याबद्दल विचारलं नाही.

जोडीदार अजून बाजारात भेटतो. तब्येतीची चौकशी करतो, मी पोरीबद्दल सांगतो. मी दोनदा घरी बोलावलं, समोरच्या दाराने. "पाहू," म्हणाला. आला नाही.

यंदा पानगळ फार झाली. डबा सांध्यापाशी आला की मोटर घरघरते आणि हवा कमी पडते. मी झाकण उघडून पाहिलं. आत सगळं नीट बांधलेलं, प्रत्येक तार वेगळ्या रंगाच्या टेपने गुंडाळलेली. काय बिघडलंय ते मला कळलं नाही. दुसऱ्या कुणाला दाखवावंसं वाटत नाही, आणि त्याला विचारायला तोंड नाही. सकाळी मी खराटा घेऊन झाडतो.